बफे पार्टनरशिप : एका खासगी पेढीचा उदय आणि विसर्जन

परक्याचे धन सांभाळणे हे स्वतःचे धन सांभाळण्यापेक्षा अवघड कर्म होय, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. स्वतःचा पैसा बुडाला तर माणूस हळहळतो. दुसऱ्याचा बुडाला तर त्याची पत जाते. या दृष्टीने ज्या गुंतवणूक-पेढ्यांचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे, त्यांत अमेरिकेतील ओमाहा या शहरी १९५६ साली सुरू झालेल्या आणि १९६९ अखेर संस्थापकाने स्वतःहून गुंडाळलेल्या 'बफे पार्टनरशिप' या खासगी पेढीचा क्रम बराच वर लागेल. वॉरन बफे यांचे नाव आज शेअरबाजाराची पायरी न चढलेल्यांच्याही कानावर असते. मात्र त्यांची ख्याती बर्कशायर हॅथवे या कंपनीशी जोडली गेल्यामुळे तिच्या आधीची ही तेरा वर्षांची पेढी बहुधा दुर्लक्षित राहते. वस्तुतः पुढील इमारतीचा पाया तेथेच घातला गेला.

बफे यांचा जन्म ३० ऑगस्ट १९३० रोजी ओमाहा येथे झाला. आजोबांचे किराणा मालाचे दुकान, वडील हॉवर्ड बफे शेअरदलाल व पुढे अमेरिकन काँग्रेसचे सदस्य. वयाच्या अकराव्या वर्षी या मुलाने 'सिटीज सर्व्हिस' कंपनीचे तीन शेअर स्वतःसाठी व तीन बहीण डोरिस हिच्यासाठी सुमारे ३८ डॉलर्स भावाने घेतले. भाव २७ पर्यंत घसरला. शाळेच्या वाटेवर बहीण रोज त्याची आठवण करून देई. भाव ४० वर येताच त्याने दोघांचेही शेअर विकून टाकले आणि त्यानंतर तोच भाव २०० च्या वर गेला. या व्यवहारातील नफा पाच-सहा डॉलर्सचा. पण दुसऱ्याच्या पैशाचे ओझे कसे असते याची ओळख त्यात झाली.

कोलंबिया विद्यापीठात त्यांना बेंजामिन ग्रॅहॅम हे गुरू लाभले. १९३४ चा 'सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस' व १९४९ चा 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' हे ग्रॅहॅम यांचे ग्रंथ आजही अभ्यासले जातात. त्यांची रीत व्यापाऱ्यास चटकन उमगेल अशी आहे. एखादे दुकान विकावयास निघाले असता आपण गल्ल्यातील रोकड, वसूल होण्याजोगी उधारी आणि फळीवरील माल यांची बेरीज करतो, त्यातून सर्व देणी वजा करतो आणि मागितलेली किंमत या आकड्याहूनही कमी निघाली तर जागा व नाव जवळजवळ फुकट मिळाले असे समजतो. ग्रॅहॅम शेअरबाजारात नेमके असेच सौदे शोधत. किंमत व मूल्य यांत जेवढे अंतर अधिक, तेवढी चूक झाल्यास इजा कमी, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होय.

१९५४ साली बफे न्यूयॉर्क येथे ग्रॅहॅम यांच्या ग्रॅहॅम-न्यूमन या पेढीत नोकरीस लागले. दोनच वर्षांत, १९५६ मध्ये, ग्रॅहॅम यांनी निवृत्ती पत्करून पेढी बंद केली. पंचवीस वर्षांचे बफे पत्नी व मुलांसह ओमाहास परतले आणि अंडरवुड अव्हेन्यूवर दरमहा १७५ डॉलर्स भाड्याचे घर घेऊन राहिले.

५ मे १९५६ रोजी 'बफे असोसिएट्स लिमिटेड' ही भागीदारी अस्तित्वात आली. बहीण, मेहुणे, आत्या, सासरे, एक मित्र, त्या मित्राची आई आणि वकील असे सात भागीदार होते. सातांनी मिळून १,०५,००० डॉलर्स दिले आणि बफे यांनी स्वतःचे १०० डॉलर्स घातले. हिशेबासाठी ४९ सेंट्सची एक वही आणली गेली. कचेरी म्हणजे घरातीलच एक खोली. नोकर नाही, चिटणीस नाही.

या भागीदारीचे स्वरूप आपल्याकडील जुन्या पेढ्यांहून भिन्न होते. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यान्वये प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्यादित असते. मर्यादित जबाबदारीची भागीदारी आपल्याकडे २००८ च्या कायद्याने आली. अमेरिकेत मात्र पैसे घालणाऱ्या भागीदारांची जोखीम त्यांच्या रकमेपुरतीच ठेवण्याची सोय तेव्हाही होती. कारभार पाहणारा भागीदार मात्र आपल्या सर्वस्वानिशी बांधलेला असे. बफे हे असे कारभारी भागीदार होते.

त्याच वर्षी होमर डॉज नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मोटारीच्या टपावर होडी बांधून ओमाहास येऊन पोहोचले. ग्रॅहॅम यांच्या पेढीत त्यांची ठेव होती आणि ती आता कोणाकडे ठेवावी हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. त्यांनी १,२०,००० डॉलर्स बफे यांच्या स्वाधीन केले. पुढील वर्षी ओमाहातीलच डॉक्टर एडविन डेव्हिस यांनी एक लाख डॉलर्स दिले. बफे अटी समजावून सांगत असता डॉक्टरांचे लक्ष नव्हते. तरी रक्कम देतो असे ते म्हणाले, याचे कारण एवढेच की हा तरुण त्यांना चार्ली मंगर नावाच्या परिचिताची आठवण करून देत होता. मंगर व बफे यांची प्रत्यक्ष भेट १९५९ मध्ये झाली आणि पुढे २०२३ साली मंगर यांचे वयाच्या ९९ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांचे मैत्र टिकले. पेढीच्या वाढीत जाहिरातीस स्थान नव्हते. एकाने दुसऱ्याच्या कानी घालावे आणि दुसऱ्याने पैसे घेऊन यावे, असाच तो क्रम होता.

प्रारंभी निरनिराळ्या भागीदाऱ्या निरनिराळ्या अटींवर चालत. १ जानेवारी १९६२ रोजी त्या सर्व एकत्र करून 'बफे पार्टनरशिप लिमिटेड' ही एकच पेढी करण्यात आली आणि कचेरी घरातून कीविट प्लाझा या इमारतीत हलली. त्या दिवशी पेढीची मालमत्ता सुमारे ७२ लाख डॉलर्स होती. मोबदल्याची अट अशी, की नफ्यातील पहिले सहा टक्के संपूर्णपणे भागीदारांचे, त्यावरील नफ्याचा चौथा हिस्सा बफे यांचा आणि बाकी पुन्हा भागीदारांचा. सहा टक्क्यांपर्यंतही नफा न झाल्यास बफे यांना काही मिळावयाचे नाही आणि ती तूट पुढील वर्षांत भरून निघाल्याखेरीज त्यांचा हिस्सा सुरू व्हावयाचा नाही. आज गुंतवणूकदाराचे भांडवल घटले तरी व्यवस्थापनाचा आकार वर्षाकाठी कापून घेणाऱ्या संस्था सर्वत्र दिसतात. त्यांच्या शेजारी ही अट ठेवून पाहावी.

भागीदारांस ते वेळोवेळी पत्रे लिहीत. या पत्रांतून त्यांनी आपले नियम आरंभीच सांगून टाकले होते. अमुक इतका नफा होईल असे वचन ते देत नसत. आपले काम डाऊ जोन्स निर्देशांकाशी ताडून पाहावे, तेही एका वर्षावरून नव्हे तर किमान तीन आणि शक्यतो पाच वर्षांवरून, असा त्यांचा आग्रह असे. निर्देशांक वीस टक्के खाली गेला आणि पेढी दहा टक्केच खाली गेली, तर ते वर्ष आपण चांगलेच मानू, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. वचन एकाच गोष्टीचे होते : स्वतःची व कुटुंबाची जवळजवळ सर्व पुंजी याच पेढीत राहील. काय खरेदी केले हे मात्र ते भागीदारांसही सहसा कळू देत नसत. माल कोठून आणला हे बाजारात सांगत सुटणाऱ्याला पुढच्या खेपेस तो माल त्या भावात मिळत नाही, हे उघडच आहे.

सॅनबॉर्न मॅप कंपनीचे प्रकरण या काळातील नमुनेदार म्हणावे लागेल. ही कंपनी अमेरिकेतील शहरांचे इमारतवार तपशीलवार नकाशे तयार करून आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांना विकत असे. विमाधंद्यात नवी पद्धत आल्यावर नकाशांचा नफा आटत गेला. परंतु दरम्यान कंपनीने शिल्लक रकमेतून रोख्यांची मोठी गुंतवणूक जमवली होती. १९३८ साली शेअरचा भाव ११० असताना त्यामागील गुंतवणूक २० डॉलर्सची होती, म्हणजे बाजार नकाशांच्या धंद्याला ९० डॉलर्स मोजत होता. १९५८ साली गुंतवणूक ६५ डॉलर्सची झाली आणि शेअर मिळत होता ४५ ला! म्हणजे चालता धंदा वीस डॉलर्स उणे किमतीस. संचालक मंडळावर बहुतांशी विमाधंद्यातील मंडळी. १,०५,००० शेअर्सपैकी त्यांची मालकी पन्नासाचीही नव्हती. बफे यांनी पेढीच्या मालमत्तेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग येथे लावला, संचालक मंडळात प्रवेश मिळवला आणि १९६० मध्ये गुंतवणूक भागधारकांस वाटून देण्यास मंडळास भाग पाडले.

त्यानंतरचे डेम्प्स्टर मिल हे प्रकरण इतके सरळ नव्हते. नेब्रास्कातील बिएट्रिस या लहान गावी पवनचक्क्या, पंप व शेतीची अवजारे बनवणारा हा जुना कारखाना. १९६१ साली पेढीने त्याचे सुमारे सत्तर टक्के भाग घेऊन ताबा मिळवला. पण कारखान्यात न खपणाऱ्या मालाचे ढीग वाढत चालले आणि बँक कर्ज परत मागू लागली. १९६२ च्या एप्रिलमध्ये मंगर यांच्या शिफारशीवरून हॅरी बॉटल नावाचे व्यवस्थापक आणले गेले. त्यांनी वर्षभरात मालसाठा ४२ लाख डॉलर्सवरून १६ लाखांच्या आसपास आणला, तोट्यातील शाखा बंद केल्या, माणसे कमी केली आणि जे सुटे भाग फक्त याच कारखान्यात मिळत त्यांचे भाव वाढवले. मोकळा झालेला पैसा बफे यांनी शेअर्समध्ये लावला. हिशेबाच्या वहीत हे उत्तम काम ठरले. परंतु १९६३ मध्ये कारखाना विकावयास काढला तेव्हा गाव खवळून उठले. कारखाना गावातून जाऊ नये म्हणून स्थानिक लोकांनी पैसे उभे करून तो विकत घेतला. आपल्याच राज्यातील माणसांचा असा रोष बफे यांच्या जिव्हारी लागला आणि पुन्हा अशा मार्गाने जावयाचे नाही असे त्यांनी ठरवले. हा निश्चय पुढे किती महाग पडला ते यथाक्रम येईलच.

१९६३ च्या नोव्हेंबरात, ज्या दिवसांत अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली त्याच दिवसांत, अमेरिकेतील एक मोठा तेल-घोटाळा उघडकीस आला. न्यू जर्सीतील बेयॉन येथील टाक्यांत खाद्यतेल भरलेले असल्याच्या गोदाम-पावत्या अमेरिकन एक्स्प्रेसच्या एका उपकंपनीने दिल्या होत्या आणि त्या पावत्यांवर तेल-व्यापारी टिनो डी अँजेलिस याने अमाप कर्ज उचलले होते. टाक्या तपासल्या तेव्हा अनेकांत मुख्यतः पाणी निघाले. नुकसानीचा आकडा पंधरा कोटी डॉलर्सच्या घरात गेला. अमेरिकन एक्स्प्रेसचा शेअर ६० वरून ३५ वर कोसळला. बफे यांनी ताळेबंदाऐवजी ओमाहातील एका खाणावळीच्या गल्ल्यापाशी बसून पाहिले, की गिऱ्हाईक त्या कंपनीचे कार्ड पूर्वीप्रमाणेच पुढे करत आहे काय, आणि दुकानदार ते घेत आहे काय. प्रवासी धनादेशांचीही त्यांनी अशीच चौकशी केली. लोकांचा विश्वास ढळलेला नव्हता. मग त्यांनी सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर्स, म्हणजे पेढीच्या मालमत्तेच्या चाळीस टक्क्यांपर्यंत रक्कम, या एकाच शेअरमध्ये घातली. कंपनीने पावतीधारकांस ६ कोटी डॉलर्स देऊन तडजोड करण्याचे ठरवले तेव्हा काही भागधारक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. कायद्याने देणे लागत नसता पैसे का द्यावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. बफे यांनी मात्र कंपनीची बाजू उचलून धरली. ज्या नावावर सारा धंदा उभा आहे ते नाव राखण्यासाठी दिलेली रक्कम म्हणजे नुकसान नव्हे, अशी त्यांची धारणा होती. ग्रॅहॅम यांच्या रीतीत नावास किंमत नसे. शिष्य गुरूच्या पुढे गेला तो येथे.

एकीकडे हा लाभ होत असता दुसरीकडे एक हट्टाचा सौदा घडला. कापडधंद्याशी संबंध असणाऱ्यांनी तो मुद्दाम लक्षात घ्यावा. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे १८८८ साली स्थापन झालेली हॅथवे मिल आणि बर्कशायर फाइन स्पिनिंग यांचे १९५५ मध्ये विलीनीकरण होऊन बर्कशायर हॅथवे झाली. पुरुषांच्या सुटाच्या आत लागणारे अस्तर हा तिचा एक मुख्य माल. दक्षिणेकडील गिरण्या व परदेशी माल यांच्यापुढे तिचा टिकाव लागत नव्हता आणि एकामागून एक गिरण्या बंद पडत होत्या. बंद गिरण्यांतून सुटलेल्या पैशातून कंपनी स्वतःचेच शेअर अधूनमधून परत घेई. बफे यांनी १९६२ च्या डिसेंबरात साडेसात डॉलर्सच्या आसपास खरेदी सुरू केली. हेतू एवढाच, की कंपनी पुढच्या वेळी शेअर मागेल तेव्हा ते तिलाच विकून मोकळे व्हावे. १९६४ च्या मे महिन्यात कंपनीचे प्रमुख सीबरी स्टँटन यांनी कोणत्या भावास विकाल असे विचारले; साडेअकरा डॉलर्स ठरले. काही दिवसांत छापील पत्र आले त्यात भाव होता ११ डॉलर्स ३७.५ सेंट्स. शब्द दिल्यावर साडेबारा सेंट्स कापले! बफे संतापले. त्यांनी विकले तर नाहीच, उलट खरेदीचा सपाटा लावला आणि १९६५ च्या मे महिन्यात कंपनीचा ताबा घेतला. पेढीच्या मालमत्तेचा सुमारे चौथा हिस्सा अशा रीतीने एका मरणपंथास लागलेल्या गिरणीत अडकला. हा निर्णय चुकीचा होता, असे स्वतः बफे यांनीच पुढे जाहीरपणे लिहून ठेवले आहे.

पेढीची मालमत्ता आता वेगाने फुगत होती. १९६६ च्या आरंभी ती ४ कोटी ३६ लाख डॉलर्सवर पोहोचली आणि नव्या भागीदारांस दार बंद करण्यात आले. पैसा कमी पडत नव्हता, योग्य सौदे कमी पडत होते. भगिनी कंपनीमार्फत बाल्टिमोरचे हॉकशील्ड कोन हे मोठे दुकान १९६६ मध्ये घेतले, ते जमले नाही. १९६७ मध्ये असोशिएटेड कॉटन शॉप्स ही स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या दुकानांची साखळी घेतली, ती उत्तम निघाली. तिचे चालक बेन रोझनर इतके काटेकोर, की कागदाच्या गुंडाळ्यात लिहिल्याइतके तुकडे आहेत की नाहीत हे मोजून पाहत. त्याच वर्षी बर्कशायरमार्फत ओमाहाची नॅशनल इंडेम्निटी ही विमा कंपनी ८६ लाख डॉलर्सना घेण्यात आली. विम्यात हप्ता आधी येतो आणि भरपाई मागाहून द्यावी लागते. मधल्या काळात तो पैसा हाताशी राहतो. गिरणीच्या पोटी विमा कंपनी आली, ही पुढील उत्कर्षाची नांदी होती.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बफे यांनी भागीदारांस कळवले, की यापुढे निर्देशांकाहून दहा टक्के अधिक नफ्याचे उद्दिष्ट आपण सोडून देत आहोत. वर्षाकाठी नऊ टक्के किंवा निर्देशांकाहून पाच टक्के अधिक, यांतील जे कमी असेल तेवढ्यावर समाधान मानावे. आणि काय योगायोग! पुढील वर्ष, १९६८, हे पेढीच्या इतिहासातील सर्वोत्तम वर्ष ठरले. निर्देशांक ७.७ टक्के वाढला असता पेढीने ५८.८ टक्के मिळवले. मालमत्ता दहा कोटी डॉलर्सच्या पुढे गेली. बाजारात तेजीचा उन्माद होता. नवनवे फंड रोज निघत होते आणि त्यांचे तरुण चालक वर्तमानपत्रांतून झळकत होते.

अशा वेळी, २९ मे १९६९ रोजी, बफे यांनी भागीदारांस पेढी बंद करण्याचा निर्णय कळवला. आपल्या पद्धतीने विकत घेण्याजोगे काही उरलेले नाही आणि जो खेळ आपणास समजत नाही तो इतरांच्या पैशाने खेळून आजवरची कमाई पणास लावावी हे आपणास मंजूर नाही, असा त्या पत्राचा आशय होता. भागीदारांपैकी कोणी परत मागितले नव्हते. तोटाही झाला नव्हता. १९५७ पासून १९६९ पर्यंतच्या तेरा वर्षांत पेढीस एकदाही तोटा आला नाही. निर्देशांक मात्र पाच वर्षे खाली गेला होता. या काळात निर्देशांकाची सरासरी चक्रवाढ वाढ ७.४ टक्के, पेढीची २९.५ टक्के आणि बफे यांचा हिस्सा वजा जाता भागीदारांच्या पदरी पडलेली २३.८ टक्के. म्हणजे आरंभी घातलेल्या दहा हजार डॉलर्सचे भागीदारास सुमारे १,६०,००० मिळाले. निर्देशांकाबरोबर राहिले असते तर सुमारे २५,००० झाले असते. व्यवस्थापनाच्या मोबदल्यापोटी मालक वार्षिक ठरीव आकार घेत असता तर दहा कोटींची पेढी बंद करण्याची बुद्धी त्यास झाली असती काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पैसे परत करण्याची रीतही पाहण्याजोगी होती. ज्यांना दुसरा विश्वासू व्यवस्थापक हवा त्यांच्यासाठी बफे यांनी आपले सहाध्यायी बिल रूएन यांचे नाव सुचवले. त्यांचा सिकोया फंड १९७० मध्ये सुरू झाला. ज्यांना जोखीम नको त्यांच्यासाठी नगरपालिका व राज्यांचे करमुक्त रोखे कसे पारखावेत, हे समजावणारे एक लांबलचक पत्र त्यांनी १९७० च्या फेब्रुवारीत लिहिले. पेढी बंद झाल्यावरही लिहिलेले हे पत्र म्हणजे एखाद्या शिक्षकाने घेतलेली शिकवणीच होय. प्रत्येक भागीदारास रोख रक्कम मिळाली आणि त्यासोबत बर्कशायर हॅथवे व डायव्हर्सिफाइड रिटेलिंग या दोन कंपन्यांतील हिस्सा. हे शेअर ठेवावेत असा आग्रह त्यांनी धरला नाही. स्वतः आपण ठेवणार आहोत, एवढे मात्र कळवले. त्यानंतर तीन-चार वर्षांतच, १९७३ व १९७४ मध्ये, अमेरिकन बाजार भीषण कोसळला आणि तेजीतील अनेक गाजलेले फंड धुळीस मिळाले.

गिरणी मात्र चालूच राहिली. बिएट्रिस गावाचा अनुभव ताजा होता, कामगार कष्टाळू होते, व्यवस्थापक केन चेस प्रामाणिक होते. त्यामुळे बफे यांना ती बंद करवेना. नवी यंत्रे घ्यावीत तर प्रतिस्पर्धीही तीच घेत आणि खर्चातील सारी बचत भाव उतरून गिऱ्हाइकाच्या खिशात जाई. अस्तराच्या कापडाला मीटरमागे चार पैसे जादा द्यावयास कोणीही तयार नसतो, हे या धंद्यातील माणसास सांगावयास नको. अखेर १९८५ मध्ये, ताबा घेतल्यापासून वीस वर्षांनी, माग थांबले. यंत्रसामग्रीवर मुळात सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर्स खर्च झाले होते; लिलावात १,६३,१२२ डॉलर्स आले. १९८१ साली प्रत्येकी सुमारे ५,००० डॉलर्सना घेतलेल्या मागांना ५० डॉलर्सनाही गिऱ्हाईक मिळेना. ते भंगारात प्रत्येकी २६ डॉलर्सना गेले आणि ते उचलून नेण्याचा खर्च त्याहून अधिक आला.

कंपनीचे नाव तेवढे तेच राहिले. १९६९ अखेर ज्या भागीदारांच्या हाती तिचे शेअर आले तेव्हा भाव चाळीस डॉलर्सच्या थोडा वर होता; २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच शेअरने सात लाख डॉलर्सची मर्यादा ओलांडली. वर्षअखेर मुख्याधिकारीपद सोडण्याचे बफे यांनी २०२५ च्या मे महिन्यात ओमाहा येथील वार्षिक सभेत जाहीर केले, तेव्हा ते चौऱ्याण्णव वर्षांचे होते.